बोटांनी वाचण्याचा हक्क : अंध वाचकांच्या ग्रंथसेवेचा इतिहास

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे जातो. रत्नागिरीचे वाचनालय 1828 मध्ये, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी 1848 मध्ये, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 मध्ये स्थापन झाले. ग्रंथ ही मोजक्या घरांची खाजगी मालमत्ता न राहता गावाची सामाईक ठेव व्हावी, हा विचार या संस्थांच्या मुळाशी होता आणि त्या काळाच्या मानाने तो मोठाच होता. मात्र येणाऱ्याला छापलेले अक्षर दिसते, त्याला माडीचा जिना चढता येतो आणि पुस्तक हातात धरून पाने उलटता येतात, हे या संस्थांनी न बोलता गृहीत धरले होते. ज्यांच्या बाबतीत हे गृहीत खरे नव्हते त्यांना कोणी दारात अडवले नाही, पण त्यांच्यासाठी आत काही ठेवलेलेही नव्हते.

अशा वाचकांपर्यंत ग्रंथ कसा पोहोचला, याचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हापुन्हा प्रत्ययास येते. वाचनाचा अडसर वाचकाच्या शरीरात असतो असे समाज दीर्घकाळ मानत आला. प्रत्यक्षात तो पुस्तकाच्या स्वरूपात, लिपीच्या संकेतात, टपालाच्या खर्चात, स्वामित्वहक्काच्या कायद्यात आणि इमारतीच्या रचनेत होता. हे सगळे अडसर माणसांनीच निर्माण केलेले होते आणि माणसांनीच ते एकेक करून दूर केले. अंध वाचकांच्या ग्रंथसेवेचा इतिहास म्हणजे या अडसरांच्या निवारणाचा इतिहास होय, आणि तो अद्याप पूर्ण झालेला नाही.

श्रवणावर उभे असलेले वाचन

छपाईपूर्व महाराष्ट्रात ग्रंथाशी बहुसंख्य लोकांचा संबंध कानांवाटेच येत असे. देवळातले पुराण, चातुर्मासातील पोथी, कीर्तन आणि प्रवचन यांतून ज्ञानेश्वरी व भागवत निरक्षरांपर्यंत जसे पोहोचले तसे अंधांपर्यंतही पोहोचले. या श्रवणपरंपरेची बौद्धिक शक्यता किती मोठी होती, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विदर्भातील संत गुलाबराव महाराज (1881–1915). अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि शैशवातच दृष्टी गेलेल्या या विद्वानाने दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेतले, ते स्मरणात साठवले आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना सांगून लिहवून घेतल्या. ‘प्रज्ञाचक्षू’ ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

परंतु अपवादात्मक बुद्धिमत्तेच्या एका पुरुषाला जे साधले ते सर्वसामान्य अंध माणसाला साधेलच असे नव्हते. श्रवणावर आधारलेल्या वाचनात ग्रंथाची निवड, वाचनाची वेळ, गती आणि थांबण्याची जागा या साऱ्या गोष्टी वाचून दाखवणाऱ्याच्या हाती राहतात. एखादे वाक्य पुन्हा तपासावे, एखादे प्रकरण गाळावे किंवा घरच्यांना नकळत एखादे पुस्तक वाचावे, असे ऐकणाऱ्याला वाटले तरी त्याला दुसऱ्याची सोय पाहावी लागे. वाचक म्हणून असलेली स्वतंत्रता यातून मिळत नव्हती. ती मिळण्यासाठी अक्षरच बदलावे लागणार होते.

सहा बिंदूंची लिपी

हा बदल फ्रान्समध्ये घडला. व्हॅलेंटिन आयुई यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली आणि कागदावर रोमन अक्षरांचे उठाव उमटवून पुस्तके तयार केली. ही पुस्तके अवजड होती, डोळ्यांसाठी घडवलेली अक्षरवळणे बोटाला सावकाश कळत, आणि मुख्य म्हणजे त्या पद्धतीने अंध व्यक्तीला स्वतः सहज लिहिता येत नव्हते. लुई ब्रेल (1809–1852) हा याच शाळेचा विद्यार्थी. वडिलांच्या खोगीर-लगामाच्या कारखान्यात वयाच्या तिसऱ्या वर्षी आरीने इजा होऊन त्याची दृष्टी गेली होती. शार्ल बार्बिये या सैनिकी अधिकाऱ्याने ध्वनींवर आधारलेली बारा बिंदूंची एक लेखनपद्धती तयार केली होती. तिचा अभ्यास करून ब्रेल याने 1824 च्या सुमारास बिंदूंची संख्या सहावर आणली, कारण सहा बिंदूंची चौकट बोटाच्या टोकाखाली एकाच स्पर्शात मावते. दोन उभ्या रांगांत तीन-तीन बिंदू मांडले की त्यांच्या 63 निरनिराळ्या रचना होतात आणि तेवढ्यात अक्षरे, विरामचिन्हे, अंक व संगीताची स्वरलिपीही बसवता येते. ही पद्धती 1829 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, परंतु ज्या शाळेत ती जन्मली तेथेही तिला अधिकृत मान्यता मिळाली ती 1854 मध्ये, म्हणजे तिच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

या दिरंगाईमागील कारण लक्षात घेण्यासारखे आहे. डोळस शिक्षकांना अंधांची लिपी आपल्या लिपीसारखीच दिसायला हवी होती, तर अंध विद्यार्थ्यांना बोटाला सोपी वाटेल आणि आपल्या हाताने लिहिता येईल अशी लिपी हवी होती. अखेरीस वापरणाऱ्यांची निवड टिकली. सेवा ज्यांच्यासाठी असते त्यांनाच तिच्या घडणीत पहिला अधिकार हवा, हा सुगम ग्रंथसेवेचा पायाभूत नियम येथे प्रथम सिद्ध झाला आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याची प्रचिती आली.

लिपी स्थिर झाल्यावर ग्रंथालये उभी राहिली. लंडनमध्ये मार्था अर्नोल्ड यांच्या पुढाकाराने 1882 मध्ये अंधांसाठी देवघेव ग्रंथालय सुरू झाले आणि तेच पुढे नॅशनल लायब्ररी फॉर द ब्लाइंड म्हणून ओळखले गेले. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1897 मध्ये अंध वाचकांसाठी स्वतंत्र वाचनकक्ष उघडला. या संग्रहांतील पुष्कळशी पुस्तके छापखान्यात तयार होत नसत, तर ब्रेल शिकलेले डोळस स्वयंसेवक ती घरी बसून एकेक बिंदू टोचत हाताने लिहीत असत. वाचक विखुरलेले असल्यामुळे पुस्तके टपालानेच पाठवावी लागत आणि ब्रेल पुस्तकाच्या वजनामुळे टपालखर्च वाचकाला परवडत नसे. अमेरिकेने 1904 मध्ये अशा पुस्तकांचे टपाल विनामूल्य केले आणि कालांतराने ही सवलत आंतरराष्ट्रीय टपालव्यवहारातही मान्य झाली. भारतीय टपाल खात्यातही ‘अंधसाहित्य पाकीट’ हा वर्ग असून सात किलोपर्यंतच्या अशा पाकिटाला साध्या टपालाचा आकार पडत नाही. अंध वाचकाच्या घरापर्यंत ग्रंथालय नेण्याचे श्रेय ग्रंथपालाइतकेच पोस्टमनलाही द्यावे लागते.

मुंबईच्या शाळा आणि लिपींचा गोंधळ

भारतात अंधांसाठी पहिली शाळा 1887 मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे काढली आणि ती पुढे देहरादूनजवळ राजपूर येथे हलवण्यात आली. मुंबईत 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा होता आणि निराधार झालेल्या मुलांत अंध मुलांची स्थिती सर्वांत बिकट होती. हीच शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. पाठोपाठ 1902 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबईतच स्थापन झाली. वैद्यकीय व्यवसायात असताना दृष्टी गमावलेले डॉ. नीलकंठराय छत्रपती हे या शाळेच्या आरंभकाळाशी निगडित होते आणि भारतीय भाषांसाठी त्यांनी स्वतःची एक ब्रेल संकेतपद्धती तयार केली होती.

येथेच भारतातील अंधवाचनाचा दुसरा मोठा अडसर उभा राहिला. ब्रेलची सहा बिंदूंची चौकट सर्वत्र एकच असली तरी कोणती रचना कोणत्या अक्षरासाठी वापरायची हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवले. कोलकात्यात लालबिहारी शाह यांची पद्धती, मुंबई-गुजरातकडे नीलकंठराय यांची, उत्तरेत मिशनऱ्यांची, म्हैसूरकडे आणखी वेगळी, अशा अनेक पद्धती एकाच वेळी प्रचारात होत्या. परिणामी एका शाळेत तयार झालेले पुस्तक दुसऱ्या शाळेतील विद्यार्थ्याला वाचता येत नसे, एवढेच नव्हे तर एकाच भाषेतील दोन पुस्तके दोन वेगळ्या संकेतांत असू शकत. वाचकांचा समूह आधीच लहान, त्यात तो अशा रीतीने तुकड्यांत विभागलेला, त्यामुळे ब्रेल छापखाना काढणे कोणालाही आर्थिकदृष्ट्या शक्य होत नव्हते, आणि छापखाना नाही म्हणून ग्रंथालय नाही. इंग्रजी ब्रेलच्या बाबतीतही हाच वाद अमेरिका व ब्रिटन यांच्यात कित्येक दशके चालला होता आणि 1932 मध्ये लंडनमधील करारानंतरच तो मिटला.

भारतात या प्रश्नाला शासकीय पातळीवर हात घातला गेला तो 1941 मध्ये, जेव्हा केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने सर्व भारतीय भाषांसाठी समान ब्रेल तयार करण्याकरिता समिती नेमली. अंधत्वविषयक संयुक्त समितीने 1944 मध्ये सादर केलेल्या अहवालात देशातील अंधांची संख्या सुमारे 20 लाख असल्याचा अंदाज नोंदवला, आणि त्या वेळी अंधशाळा मात्र तीसच्या आसपास होत्या. याच सुमारास, 1943 मध्ये, युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी देहरादून येथे सेंट डन्स्टन्स वसतिगृह उघडले गेले. त्याचे प्रमुख सर क्लुथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गेलेले. समान ब्रेलच्या प्रश्नाला पुढे आंतरराष्ट्रीय दिशा मिळाली ती त्यांच्यामुळे.

भारती ब्रेल

भारत सरकारने 1949 मध्ये हा प्रश्न युनेस्कोकडे नेला आणि मॅकेंझी यांच्या मार्गदर्शनाखाली 1950 मध्ये पॅरिसला व 1951 च्या प्रारंभी बैरुतला परिषदा भरल्या. तेथे ठरलेल्या तत्त्वांनुसार भारताने 1951 मध्ये ‘भारती ब्रेल’ स्वीकारली. या लिपीचे मुख्य तत्त्व असे की, ज्या भारतीय वर्णाचा उच्चार मूळ ब्रेलमधील एखाद्या अक्षराशी जुळतो त्याला तेच चिन्ह द्यावे आणि एका उच्चाराच्या वर्णाला सर्व भारतीय भाषांत एकच चिन्ह ठेवावे. त्यामुळे मराठीतील क, बंगालीतील क आणि तमिळमधील क बोटाला सारखाच लागतो, आणि इंग्रजी ब्रेल शिकणाऱ्या मराठी मुलालाही बरीचशी चिन्हे ओळखीची वाटतात.

देवनागरीच्या दृष्टीने भारती ब्रेलची मांडणी समजून घेण्याजोगी आहे. डोळ्यांनी वाचायच्या देवनागरीत मात्रा अक्षराच्या वर, खाली, पुढे किंवा मागे येतात आणि जोडाक्षरांत वर्ण एकमेकांत मिसळतात. ब्रेलमध्ये मात्र सारे काही एका ओळीत येते. व्यंजनानंतर त्याचा स्वर स्वतंत्र चौकटीत लिहितात. ‘कि’ या अक्षरातील वेलांटी छापील मजकुरात आधी दिसते, पण ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ येते, म्हणजे लेखन उच्चाराच्या क्रमाने चालते. जोडाक्षर लिहिताना स्वरहीन व्यंजनाच्या आधी हलन्ताची खूण म्हणून चौथा बिंदू देतात. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतंत्र चिन्हे आहेत. मराठीला अत्यावश्यक असलेल्या ‘ळ’साठी चौथा, पाचवा व सहावा बिंदू मिळून होणारे चिन्ह ठरले. ‘मराठी’ हा शब्द अशा रीतीने म, र, आ, ठ, ई या पाच चौकटींत लिहिला जातो.

संकेत एक झाल्यामुळे संस्था उभ्या राहू शकल्या. देहरादूनला 1951 मध्ये केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. मुंबईत 1952 च्या जानेवारीत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजेच ‘नॅब’, ही देशव्यापी संस्था स्थापन झाली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयात स्वतः दृष्टिहीन असलेले लाल अडवाणी हे अधिकारी अंधांच्या शिक्षणाचे व पुनर्वसनाचे काम 1947 पासून पाहत होते. पुढे 1963 मध्ये देहरादूनलाच अंध वाचकांसाठी राष्ट्रीय ग्रंथालय उघडले आणि देशभरातील वाचकांना टपालाने पुस्तके पाठवण्याची सोय झाली. अक्षरसंकेत निश्चित झाल्यापासून राष्ट्रीय ग्रंथालय उभे राहीपर्यंत बारा वर्षे लागली. मात्र त्याआधीच्या साठ-सत्तर वर्षांत, संकेत अनेक असल्यामुळे, असे ग्रंथालय कल्पनेतही येऊ शकले नव्हते.

ब्रेल ग्रंथसंग्रहाच्या मर्यादा मात्र त्याच्या भौतिक स्वरूपातच होत्या. जाड कागद, मोठी चौकट आणि ओळींमधील मोकळी जागा यांमुळे छापील एका पानाची ब्रेलमध्ये साधारण अडीच ते तीन पाने होतात. त्यामुळे मध्यम आकाराची कादंबरीदेखील अनेक खंडांत विभागली जाते आणि शब्दकोश किंवा विश्वकोश ठेवायचा तर त्याला भिंतभर फडताळे लागतात. पुस्तके दाबून ठेवली तर बिंदू बसतात आणि मजकूर वाचता येईनासा होतो. क्रमिक पुस्तके छापतानाच मुद्रणालयांची क्षमता संपत असल्यामुळे कथा, कविता, चरित्र, प्रवासवर्णन यांचा वाटा अल्प राहिला. मराठीत ब्रेल नियतकालिकांची उणीव दीर्घकाळ जाणवत होती. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले तेव्हा मराठी अंध वाचकाला चालू घडामोडी आपल्या भाषेत आणि आपल्या बोटांनी वाचण्याची संधी मिळाली. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ 1832 मधील ‘दर्पण’पासून धरला, तर या संधीला पावणेदोनशे वर्षांचा विलंब झाला.

बोलकी पुस्तके

प्रौढ वयात दृष्टी गेलेल्या पुष्कळांना ब्रेल शिकणे अवघड जाते, कारण बोटांची संवेदना तोवर तेवढी तीक्ष्ण राहिलेली नसते. पहिल्या महायुद्धाने अशा अंध सैनिकांची मोठी संख्या निर्माण केली आणि त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित पुस्तकाचा विचार पुढे आला. फोनोग्राफच्या शोधानंतर लगेचच, 1878 मध्ये, एडिसनने या यंत्राच्या संभाव्य उपयोगांत अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला होता, परंतु त्या काळच्या ध्वनिमुद्रणात काही मिनिटांचाच मजकूर मावत असल्यामुळे ग्रंथ मुद्रित करणे व्यवहार्य नव्हते. संथ गतीने फिरणाऱ्या तबकड्या तयार झाल्यावर अमेरिकेत 1934 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1935 मध्ये ‘बोलकी पुस्तके’ प्रत्यक्षात आली. ब्रिटिश तबकडीच्या एका बाजूवर सुमारे 25 मिनिटांचे वाचन मावत असे आणि एक कादंबरी दहाएक तबकड्यांच्या पेटीतून वाचकाकडे जाई. अमेरिकेत या सेवेचा आधार होता 1931 चा प्रॅट-स्मूट कायदा. प्रौढ अंधांसाठी पुस्तके पुरवण्यास त्याने दरवर्षी एक लाख डॉलरची तरतूद केली आणि अंधांचे ग्रंथालय ही दानधर्माची बाब न राहता शासनाची जबाबदारी झाली.

भारतात ध्वनिपुस्तकाचा खरा प्रसार कॅसेटच्या युगात झाला. मुंबईत नॅबच्या ध्वनिमुद्रण केंद्रात आणि अन्य शहरांतील संस्थांत गृहिणी, निवृत्त शिक्षक, नभोवाणीवरील आवाज आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी नियमितपणे येऊन मराठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित केली. ब्रेल लेखनाप्रमाणे याही कामाचा मोठा भार विनामोबदला काम करणाऱ्यांनी उचलला. पुराणश्रवणाच्या परंपरेशी या पद्धतीचे वरवर साम्य असले तरी दोहोंत मूलभूत फरक आहे. कॅसेट थांबवता येते, मागे फिरवता येते, मध्यरात्री लावता येते आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकता येते, म्हणजेच निवड व गती या दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्याच्या हाती येतात. तरीही कॅसेटवर विशिष्ट प्रकरण वा पान शोधणे दुरापास्तच होते. ही उणीव दूर करण्यासाठी स्वीडनमधील ध्वनिपुस्तक ग्रंथालयाने 1988 पासून एका अंकीय पद्धतीवर काम सुरू केले. हीच ‘डेझी’ पद्धती. तिच्यात ध्वनी आणि मजकूर एकमेकांशी जोडलेले असून प्रकरण, परिच्छेद, पान अशा क्रमाने पुस्तकात हिंडता येते. तिच्या प्रसारासाठी 1996 मध्ये अनेक देशांतील ग्रंथालयांचा संघ स्थापन झाला आणि भारतातील संस्थाही पुढे त्या कार्याला जोडल्या गेल्या.

स्वामित्वहक्काचा अडसर

तंत्र सुधारत गेले तसा आणखी एक अडसर स्पष्ट दिसू लागला. भारताच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात अंध वाचकांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्यास स्वतंत्र मुभा नव्हती. एखादे पुस्तक ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित स्वरूपात किंवा संगणकाने वाचता येईल अशा स्वरूपात आणायचे तर काटेकोर अर्थाने प्रत्येक वेळी लेखक वा प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागे. पत्रांना उत्तरे येत नसत किंवा उशिरा येत, आणि विद्यार्थ्याचे शैक्षणिक वर्ष तोवर संपून जाई. विकत घेतलेले पुस्तक डोळसाला वाचता येते, पण तेच पुस्तक अंधाने स्वतःसाठी वाचनीय करून घेतले तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहत नाही, ही स्थिती न्यायाला धरून नव्हती.

याविरुद्ध देशात ‘राइट टू रीड’ या नावाने मोहीम चालली आणि तीत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील, 2003 मध्ये सुरू झालेल्या दृष्टिबाधितांच्या संसाधन केंद्रानेही पुढाकार घेतला. 2010 च्या दुरुस्ती विधेयकात अशा रूपांतराला दिलेली सूट ब्रेलसारख्या खास स्वरूपांपुरतीच मर्यादित होती. ती अपुरी आहे, कारण आजचा वाचक सामान्य संगणकावरील फाइलही वाचतो, हे मोहिमेतील दिव्यांग कार्यकर्त्यांनी खासदारांना पटवून दिले. अखेर 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी कोणत्याही सुगम स्वरूपात, नफ्याच्या हेतूविना, पुस्तकाचे रूपांतर व वितरण करण्याची मुभा दिली. पुढल्या वर्षी, 27 जून 2013 रोजी, मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावरील आंतरराष्ट्रीय करार संमत झाला आणि 24 जून 2014 रोजी त्याला अनुमोदन देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. हा करार 30 सप्टेंबर 2016 पासून अमलात आला. अशी पुस्तके एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. अंधांबरोबरच वाचनदोष असलेल्या, तसेच हाताच्या अपंगत्वामुळे पुस्तक धरू वा पाने उलटू न शकणाऱ्या व्यक्तींनाही हा करार लागू आहे.

कायद्याची वाट मोकळी झाल्यावर 24 ऑगस्ट 2016 रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. केंद्र शासनाचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्यातून ते उभे राहिले. देशातील निरनिराळ्या संस्थांकडे विखुरलेली सुगम पुस्तके एका सूचीत आली आणि नोंदणी केलेल्या वाचकाला ती घरबसल्या उतरवून घेता येऊ लागली.

मराठी अक्षरांचा प्रश्न आणि ग्रंथालयाचा जिना

मराठीच्या बाबतीत यापुढील अडचण वेगळ्याच जागी आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. 2006 मध्ये एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने आरंभ केलेली ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली भारतात विशेष प्रचलित आहे आणि तिच्यातून मराठीही ऐकता येते. परंतु अशी प्रणाली युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात असलेला मजकूरच योग्य रीतीने वाचू शकते. मराठी प्रकाशनव्यवसायात संगणकीय अक्षरजुळणी सुरू झाल्यापासून कित्येक वर्षे ज्या फॉन्टमध्ये पुस्तके तयार झाली ते फॉन्ट आपापल्या खाजगी संकेतांवर चालत. कागदावर देवनागरी सुबक उमटे, पण त्या फायलीच्या पोटात अर्थहीन रोमन चिन्हे असत. परिणामी हजारो मराठी पुस्तकांच्या फायली प्रकाशकांकडे असूनही त्या अंध वाचकाला जशाच्या तशा वाचता येत नाहीत. भारती ब्रेलपूर्वी लिपींच्या बहुविधतेने जे केले तेच फॉन्टच्या बहुविधतेने पुन्हा केले. ब्रेलच्या वेळी त्यावरचा उपाय एकसमान संकेत हा होता, आणि आजही तोच आहे.

दृष्टीखेरीज अन्य अपंगत्वांचा विचार ग्रंथालयांनी त्याहूनही उशिरा केला. कर्णबधिर व्यक्तीला छापील अक्षर दिसते म्हणून तिला ग्रंथालयात अडचण नाही, असा समज दीर्घकाळ होता. वास्तविक जिची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे तिच्यासाठी मराठी ही लिहिलेली दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संस्था 2015 मध्ये स्थापन झाली आणि तिने 2018 मध्ये शब्दकोशाची पहिली आवृत्ती काढली. चाकाच्या खुर्चीवरील वाचकाची गोष्ट तर इमारतीपाशीच थांबते. महाराष्ट्रातील अनेक जुनी ग्रंथालये वाड्यांत, बाजारपेठेतील माड्यांवर किंवा उंच जोत्याच्या इमारतींत आहेत आणि त्यांच्या पायऱ्यांना उतार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि त्याखालील नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांच्या आत विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्याची मुदत घातली. नियम जून 2017 मध्ये प्रसिद्ध झाले असल्याने ती मुदत 2022 मध्येच उलटली आहे.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. दुसरीकडे 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणाऱ्या अनुदानित ग्रंथालयांचे खेड्यापाड्यांत पसरलेले जाळे निर्माण केले आहे. लिपी निश्चित झालेली आहे, टपाल विनामूल्य आहे, कायदा अनुकूल आहे आणि सुगम पुस्तकांचा राष्ट्रीय साठाही उपलब्ध आहे. आता उरलेले अंतर या साठ्यापासून गावातील वाचनालयाच्या टेबलापर्यंतचे आहे. ते मिटवण्यासाठी प्रत्येक तालुक्यातील किमान एका ग्रंथालयात स्क्रीन रीडर असलेला संगणक, सुगम्य पुस्तकालयाची नोंदणी करून देणारा प्रशिक्षित कर्मचारी आणि दाराशी उतार एवढे असले तरी पुरेसा आरंभ होईल. ग्रंथालयाचा दर्जा ठरवताना शासनाने अशा सेवेला ठळक वजन द्यावे आणि प्रकाशकांनी प्रत्येक नव्या मराठी पुस्तकाची युनिकोड प्रत सुगम ग्रंथालयांना द्यावी. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे तत्त्व भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्येच मांडले होते. त्यातील ‘प्रत्येक’ या शब्दाला अपवाद ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाला नाही.